मागे राहिलेल्यांचा रंग

"चेहरा जुळत नाही," टॅब पुन्हा बोलला.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. प्रशिक्षक मा थे-गॉन टेबलांमधून वाट काढत आला. राजधानी सोलमधल्या कंपनीचा तरुण माणूस, बोलायला गोड. त्यानं टॅबमधला फोटो पाहिला, मग खिडकीजवळ बसलेल्या बाईंकडे पाहिलं.

"फोटोपेक्षा तरुण दिसता, बाई. यंत्र गोंधळलं बिचारं. फोटोत चष्मा आहे, तो लावा बरं."

तिनं पर्समधून चष्म्याचं घर काढलं, चष्मा लावला. टॅब किणकिणला. 'स्वागत आहे, प्योन मालसुन.'

"बघा! ओळखलं की नाही?" मा खूश होऊन पुढे गेला.

शेजारी कू सर बसले होते. बेटावरच्या शाळेतले, निवृत्तीला आलेले. सकाळच्या पहिल्या बोटीनं आले होते आणि त्याचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी मान वाकडी करून तिच्या टॅबवरचं नाव वाचलं.

"मालसुन! माझ्या एका मावशीचं नाव हे. मुली पुरे झाल्या, ही शेवटची, असं म्हणून ठेवायचे. तुमच्या वयाला कुठून आलं?"

"आजोबांनी ठेवलं होतं," ती म्हणाली. "चार मुलींच्या पाठीवर पाचवी."

"हौसच म्हणायची आजोबांची." सरांनी खिशातून संत्रं काढून अर्धं तिच्यापुढे सरकवलं. "तुम्हालाही यायचं नव्हतं वाटतं? चेहरा सांगतोय."

"येणं शक्य नाही म्हणून फोन केला होता. दोनदा. प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय यादीतून नाव निघत नाही म्हणाले. यंत्रणाच तशी आहे."

"आणि रोज सकाळी फोनवर तो निरोप! 'आपण मागे राहिला आहात.' माझी बायको म्हणते, तिकडे कुणी बाई ठेवलीय का तुमच्या पाळतीवर?"

ती हसली नाही. "चारचौघांत वाजला फोन. नको त्या ठिकाणी. माणसं जमली होती, सगळी माझ्याकडे बघायला लागली. आज ते नाव निघावं, एवढंच हवंय मला."

मा थे-गॉननं टाळी वाजवली. त्याचं म्हणणं सोपं होतं. वर्गात मुलांनी टॅबवर गणितं सोडवायची. कोण कुठवर पोचलं ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसणार. आज शिक्षकांनीच मुलं व्हायचं.

सगळे गणितं सोडवू लागले. पडद्यावर वर्ग उमटला, जो जिथे बसला होता तिथे त्याचं नाव. तिला चष्म्यातून आकडे धड दिसेनात. चष्मा कपाळावर चढवला की टॅब विचारायचा, 'आपण कोण?' पुन्हा डोळ्यांवर घेतला की आकडे विरघळायचे.

"नंबर बदललाय तुमचा," कू सर म्हणाले. "तपासून घ्या."

तेवढ्यात पडद्यावरची काही नावं लाल झाली. कू सरांचं झालं. पुढच्या रांगेतल्या दोन शिक्षिकांची झाली. खिडकीजवळ 'प्योन मालसुन' लाल झालं.

खोलीत कुजबुज उठली. कू सर खुर्ची मागे ढकलून उभे राहिले.

"ए साहेब! माझं नाव लाल?"

"मागे राहिलेले लाल दिसतात, सर. म्हणजे शिक्षकाचं लगेच लक्ष जातं."

"अरे, घरात मोठं माणूस आहे की नाही तुझ्या? लाल अक्षरात नाव कुणाचं लिहितात? मेलेल्याचं! जिवंतपणी मारतोस काय आम्हाला?"

काही जण हसले. मा पण हसला. "सर, जुन्या समजुती त्या. ही यंत्रणा बाहेरून घेतलीय. जगभर लाल म्हणजे फक्त थांबा."

"जगाला घेऊन ये मग आमच्या बेटावर शिकवायला!" सरांचा आवाज चढला. "दुसरीतलं पोर. वजाबाकी अडली म्हणून त्याचं नाव भिंतीवर लाल? घरी जाऊन आजीला काय सांगेल ते? आणि कुणाची आजी ऐकून घेईल? आयुष्यभर शिकवलं, आजवर एका पोराचं नाव लाल शाईनं लिहिलं नाही मी. हातात दुसरं पेन नसेल तर नाव लिहायचं टाळलंय!"

आता कुणी हसत नव्हतं. पुढच्या बाईंनी टॅब पालथा घातला. मग त्यांच्या शेजारणीनं. एकामागून एक टॅब पालथे पडत गेले.

मा दारात जाऊन फोनवर बराच वेळ खालच्या आवाजात बोलला. परत आल्यावर त्यानं दोन बटणं दाबली. लाल नावं निळी झाली, खिडकीजवळचंही.

"झालं? आता सगळे खूश?"

"एवढंच तर होतं," कू सर पुटपुटले आणि बसले.

डब्यातले किंबापचे भाताचे रोल खाऊन झाल्यावर उरलेला भाग उरकला. ती टॅब परत द्यायला गेली तेव्हा मा तारा गुंडाळत होता.

"पूर्ण झालं का?" तिनं विचारलं.

"झालं की. अभिनंदन, प्योन बाई."

"मग आता नाव निघेल?"

"निघेल कसं? पुढच्या टप्प्यात गेलं. हिवाळ्याच्या सुट्टीत बोलावतील."

"आणि निरोप?"

"ते येत राहणार. यंत्रणाच तशी आहे."

तिनं चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि घरात ठेवून घर मिटलं. मग पडद्याकडे बोट केलं.

"बाकीची निळीच राहू द्या. खिडकीजवळचं तेवढं पुन्हा लाल करा."

कू सर दारातूनच ओरडले, "अहो बाई, भलतंच काय बोलता! स्वतःच्या नावाबद्दल असं बोलतात का?"

"माझं नाव ह्येरिम," ती म्हणाली. "ते पडद्यावरचं आईचं आहे. दिवसभरात यांच्या यंत्रानं तेवढं एकच बरोबर दाखवलं होतं."