चार सेकंद

अण्णा पोहे खात होते, तेवढ्यात निनादच्या फोनवर चौथ्यांदा तीच सूचना आली : ‘वडिलांचे कृत्रिम हृदय अपडेट झाले आहे. रीस्टार्ट आवश्यक.’ तीनदा त्यानं ‘नंतर’ दाबलं होतं. या वेळी ते बटणच नव्हतं. फक्त ‘आता’ होतं, आणि दहा मिनिटांनी ते आपोआप होणार होतं.

हेल्पलाइनच्या रांगेत तो अजून चौदावा होता. नवं ते सगळ्यांच्या आधी मिळावं म्हणून त्यानंच हौसेनं अण्णांचं नाव चाचणीच्या यादीत घातलं होतं.

“किती वेळ बंद राहील रे?” अण्णांनी विचारलं.

“चार सेकंद म्हणतात.”

“म्हणतात काय? तू आधी स्वतःच्या वस्तूवर करून बघतोस ना नेहमी?”

“केलं ना. माझ्या घड्याळावर. त्याच कंपनीचं आहे, हेच अपडेट.”

“मग?”

परवा अपडेट केल्यापासून बंद पडलेलं घड्याळ निनादनं हळूच बाहीखाली सारलं.

“लगेच सुरू झालं, अण्णा.”

अण्णांनी बशी खाली ठेवली.

“मग दाब. पण तो घड्याळाचा हात इकडे दे. चार सेकंद मला मोजू देत.”