लाव्यांचा बांध

"तेवढ्या गवतात दोन शेरडं पोसली असती," सासूबाई दाराशी बसून पुटपुटल्या, सुनेला ऐकू जाईल इतपत हळू.

गोदावरीनं ते कानाआड केलं. तीन वर्षं तिनं खालच्या बांधाला विळा लागू दिला नव्हता, तेव्हा कुठं लावे पक्षी तिथं वस्तीला आले होते. गाव तिला 'लाव्यांची आई' म्हणून चिडवायचं आणि तिला ते गोड लागायचं. पण ज्वारीची पेरणी झाली अन् चार दिवसांत बांध मुका झाला.

"मुंगसानं नेले असतील," नवरा तिच्याकडं न बघता म्हणाला. शेजारची यशोदा सगळं थंडीवर ढकलून मोकळी झाली.

गोदावरी मात्र रोज बांधावरच्या परळातलं पाणी बदलत होती. चुकूनमाकून एखादं जोडपं परतलं असेल म्हणून आज ती ओंजळभर ओले दाणे घेऊन निघाली, तशी सासूबाईंनी तिचा पदर धरला.

"नको गं घालू. मुंगूस नाही की थंडी नाही. पेरणीचं उरलेलं हेच बियाणं तू धुऊन घातलंस त्यांना. त्याला चोळलेलं औषध धुतल्यानं जात नसतं, बाई."