हाताला सुटणारी पट्टी

सासूबाईंच्या पायाच्या जखमेवरची पट्टी आजही हेमांगीच्या हाताला सुटेना. ज्या हाताच्या स्पर्शाने पेशंटचं अंग सैलावतं, फक्त त्याच हाताला सुटणारी ही दवाखान्याने दिलेली नवी पट्टी. मोठी जाऊ शर्वरी फक्त रविवारी यायची, नुसतं बोट लावायची, आणि पट्टी अलगद निघायची.

"रोज घाण मी काढायची, आणि गुणाची ती," हेमांगी धुसफुसली. त्याच रागात ड्रेसिंगचं गरम पाणी उतरवताना तिचं मनगट भाजलं. त्यावरही तसलीच पट्टी लागली.

रविवारी ती बदलायला नवऱ्याने खटपट केली. पट्टी जागची हलली नाही.

"आण गं इकडे," म्हणत शर्वरीने तिचा हात हातात घेतला. पट्टीची कड लगेच सुटली.

कुणी पाहायच्या आत हेमांगीने ती पुन्हा दाबून चिकटवली.