उदाहरण नसलेली खिडकी

"सर, 'विंडो'ला उदाहरणच नाहीये," सहसंपादिका म्हणाली. "सकाळी छापखान्याचा माणूस येईल. बाकी सगळं तयार आहे."

कोशकाराने कार्ड हातात घेतलं. इंग्रजी-मराठी कोशाची आवृत्ती दुसरी, पण कार्डं पहिलीचीच, बायकोच्या अक्षरातली. वीस वर्षांपूर्वी तो रोज संध्याकाळी कच्ची टिपणं पिशवीत घालून घरी न्यायचा आणि ती दुसऱ्या दिवशी त्यांची सुबक कार्डं करायची. एखाद्या शब्दाला उदाहरण नसलं, तर आपल्या मनाने घालायची. आता ती जाऊन वर्ष झालं होतं.

कार्डावर अर्थ ओळीने होते. घराची खिडकी, तिकिटांची खिडकी, संगणकाच्या पडद्यावरची चौकट. त्याखाली मूळ: उत्तरेकडच्या एका जुन्या भाषेतला जोडशब्द, 'वारा' आणि 'डोळा'. आणि सगळ्यात खाली एक वाक्य, तांबड्या शाईने खोडलेलं. खोडणारा हात त्याचाच.

'संध्याकाळी ती खिडकीशी बसते. तो वर पाहत नाही.'

"काकूंचंच राहू द्या ना," सहसंपादिका म्हणाली. "चांगलं आहे की."

"कोश म्हणजे रोजनिशी नव्हे."

बोलून गेल्यावर त्याला आठवलं, बायकोलाही तो हेच म्हणाला होता. ती एवढंच म्हणाली होती, "बरं. मग तुम्ही द्या एखादं." ते त्याला काही सुचलं नाही, आणि पहिल्या आवृत्तीत शब्द उदाहरणावाचूनच गेला.

'खिडकी उघड, हवा येऊ दे,' त्याने लिहिलं. खोडलं. 'खिडकीची काच फुटली.' तेही खोडलं. चाळीस हजार शब्द हातावेगळे केलेला माणूस एका खिडकीपुढे अडून बसला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शेवटी कार्ड पिशवीत टाकून तो घरी निघाला.

घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीशी बायकोची खुर्ची होती, तिच्यावर वर्षभराची वर्तमानपत्रं साचली होती. ती रचली त्यानेच, म्हणजे तिथे बसायला नको. आज त्याने गठ्ठा खाली ठेवला आणि पिशवी मांडीवर घेऊन बसला.

समोर शिंप्याची पाटी दिसत होती, त्याच्या पुढे रस्त्याचं वळण. त्या वळणापासून थेट इमारतीच्या दारापर्यंतचा सगळा रस्ता इथून दिसत होता. तीस वर्षं तो त्याच रस्त्याने घरी आला होता. आपण एवढे लांबून दिसतो, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

रोज दार उघडलं की ती विचारायची, "आलात?" समोर उभा दिसतोय तरी विचारायचं काय, असं त्याला वाटे. तो काही न बोलता पिशवी टेबलावर ठेवायचा.

वळणावर एक माणूस दिसला. खांद्याला पिशवी, मान खाली, कुठलासा शब्द घोळवत असल्यासारखे ओठ हलत होते. ते पोक त्याच्या ओळखीचं होतं. ती पिशवीही. त्याने मांडीवर हात नेला. पिशवी जागेवर होती.

त्याने तावदानावर टकटक केलं. मग कडी काढून खिडकी सताड उघडली, आणि वारा आत आला. "अहो!" तो ओरडला. स्वतःला काय म्हणून हाक मारायची, दुसरं काही सुचेना.

खालच्या माणसाने वर पाहिलं नाही. तो दारातून आत शिरला.

कोशकाराने कार्ड काढलं. खोडलेलं पुन्हा हवं असेल तर छापखान्यासाठी त्याखाली टिंबं द्यायची असतात, म्हणजे 'असू दे.' तो एकेका शब्दाखाली टिंबं देत गेला. जिन्यात पावलं वाजत होती. पहिला मजला. दुसरा. शेवटचं टिंब पडलं तेव्हा पाठीमागे कुलपात किल्ली फिरली.

मागे वळून पाहायचा धीर त्याला झाला नाही.

"आलात?" त्याने विचारलं.

टेबलावर पिशवी ठेवल्याचा आवाज झाला.