साहेबाची गाडी

दिग्दर्शक सकाळपासून घसा फोडून सांगत होता, "गोऱ्या साहेबाला बढती मिळाली, तेव्हा गावाने प्रेमापोटी घोडे सोडले आणि त्याची गाडी स्वतः बंगल्यापर्यंत ओढली. साहेबाने आत्मचरित्रात लिहिलंय. तेव्हा चेहऱ्यावर जरा माया दिसू द्या."

चित्रपटातल्या गर्दीसाठी आणलेली मंडळी त्याच गावातली. साहेबाचं काम करणारा नटही गावचाच भाचा. थोरल्या मामांनी दांडी धरली, बाकीच्यांनी खांदे लावले आणि गाडी हलली. बंगल्याच्या फाटकापाशी दिग्दर्शक "कट" म्हणाला, पण कुणी थांबेना. गाडी फाटक मागे टाकून बंदराच्या उताराला लागली.

"अहो मामा, बंगला मागे राहिला," दिग्दर्शक धापा टाकत मागून पळत आला.

मामांनी थेट धक्क्यावर, पाण्याच्या काठाशी गाडी उभी केली आणि हात झटकले. आत टोप घालून बसलेला भाचा शांतपणे खाली उतरला.

"आमच्या पणजोबांनी गाडी ओढली, हे साहेबाने खरं लिहिलंय," मामा म्हणाले. "फक्त बंगल्यावर नाही, इथवर. इथूनच त्याला बोटीत बसवून चालता केला होता."