खालची अक्षरं

"मला एक सांगा, थोरलीने धाकटीच्या थोबाडीत का दिली?" पॉलिशवाल्याने विचारलं आणि टेबलाभोवतीचे सगळे हसायला लागले.

कवळ्या तयार करणाऱ्या त्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नसायचा. चौघांनीही एकच मालिका धरली होती: मालकीणबाई, प्लास्टरचे साचे ओतणारे काका, मेणात दात बसवणारी मुलगी आणि पॉलिशवाला. डब्यांना जागा व्हावी म्हणून सकाळच्या कवळ्या ट्रेमध्ये एका कडेला सरकवल्या होत्या.

"अहो, पाचवा भाग सगळा त्याच भांडणाचा आहे," बाई म्हणाल्या. "पत्र मीच जाळलं, असं धाकटी स्वतःच्या तोंडाने सांगते की. कानात बोळे घालून बघता काय?"

"आवाज येत नाही हो," पॉलिशवाला म्हणाला. "पण चेहऱ्यांवरून कळतं बरंचसं."

"मग दुरुस्त करा की तो टीव्ही. कुणासाठी साठवताय एवढं?"

त्यावर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. नुसता हसला. त्याचं हसणं सगळ्यांना आवडायचं, मुलीलाही.

"मला तर तो डॉक्टर आवडायचा," काका म्हणाले. "सहाव्या भागात उगाच मारला बिचाऱ्याला. लिहिणाऱ्यांना काही सुचलं नाही की मारा एखाद्याला."

"डॉक्टर मेला?" पॉलिशवाल्याचा घास हातातच राहिला. "सहावा राहिलाच माझा. पाचव्यानंतर एकदम सातवा."

"अशी कशी हो तुमची तऱ्हा? बरं, सातवा कसा वाटला?" बाईंनी विचारलं.

"सातवा भारी. ती हिरव्या स्वेटरवाली कंदील घेऊन तळघरात उतरते. चौथ्या पायरीवर थांबते, मागे वळून बघते..."

"आणि?"

"तिथपर्यंतच बघितलं."

मुलीने डब्याचं झाकण लावलं. अजून अर्धं जेवण आत होतं.

काल संध्याकाळी तिनेही तिथेच बंद केला होता. बरोब्बर चौथ्या पायरीवर. एकटीला भीती वाटली, म्हणून रिमोट उचलला आणि टीव्ही बंद करून टाकला. आणि सहावा भाग तिने खोलीवर बघितलाच नव्हता. तो रविवारी बाईंच्या घरी, बाईंच्या सोफ्यावर बसून, दोघींनी मिळून बघितला होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, तिने स्वतःला बजावलं. घाबरवणाऱ्या जागी कुणीही थांबेल. एखादा भाग कुणाचाही राहील. टीव्ही तर काय, कुणाचाही बिघडतो. पण खोलीतला प्लग एकाच भिंतीला आहे, म्हणून तिचा टीव्ही खिडकीसमोर येतो, आणि ती खिडकीकडे पाठ करून पलंगावर बसते. पडदे तीन आठवड्यांपासून शिंप्याकडे पडून आहेत.

नळावर डबा धुताना तिने बाईंना हळूच विचारलं, "हे पॉलिशवाले राहतात कुठे?"

"का गं? विचार आहे की काय?" बाईंनी तिला कोपराने ढोसलं. "माणूस सोन्यासारखा आहे हो. अगदी गरीब गाय. आणि तुला माहीत नाही? तुझी खोली त्यानेच तर सुचवली. मला म्हणाला, आमच्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, तुमच्या नव्या मुलीला विचारून बघा. मी म्हटलं, बरं झालं बाई, पोरगी एकटी, जवळ ओळखीचं कुणीतरी असेल."

मुलीला बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सांगणार काय? की त्या माणसाने मालिकेबद्दल आपलं मत दिलं? बाई हसून हसून लोळल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या लॅबभर झालं असतं. तिने नळ बंद केला.

दुपारभर तिचा हात बसेना. समोरचे दोन दात तीनदा वाकडे लागले, तीनदा मेण तापवून काढावे लागले. पाठीमागे पॉलिशचं चाक फिरत होतं. ते फिरतंय तोवर तो जागेवर आहे, एवढंच तिला कळत होतं. आज खिडकीला चादर ठोकायची. खिळे मिळाले नाहीत तर कपाट सरकवायचं. नाहीतर मावशीकडे जायचं सरळ, काही कारण न सांगता. तिने मनात सगळं ठरवलं.

पाच वाजता चाक थांबलं.

तो तिच्या टेबलापाशी आला. मऊ फडक्यावर एक चकचकीत कवळी होती, सकाळी तिनेच दात बसवलेली. "बघा, जमलंय का," तो म्हणाला. तिने न बघताच मान हलवली. बाई फोनवर होत्या. काका तिकडे हात धूत होते.

"रागावणार नसाल तर एक सांगू?"

त्याने आवाज आणखी खाली आणला. धमकी अजिबात नव्हती त्यात. होती ती अजिजी, आणि तिला ती जास्त भयंकर वाटली.

"ती खालची अक्षरं असतात ना, माणसं बोलतात ते सगळं लिहून येतं, ती लावत जा ना तुम्ही," तो म्हणाला. "मोठी लावा. मोठी असली की लांबूनही वाचता येतात."