वरची बांधी

मोटर घरघरली, पाइपातून दोन उचक्या आल्या आणि नुसती हवा सुटली. रुक्माबाईनं धावत जाऊन बटन बंद केलं. खालच्या शेताच्या धुऱ्यावर शेजारचे बापूजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, पण उगाच फावड्याचा चिखल खरवडत राहिले.

विहीर दोघांच्या सामायिकीची, आणि आज पाळी रुक्माबाईची. तिच्या बांधीतल्या धानानं लोंबी पोटात धरलेली. पोळ्यापासून पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. आता पाणी चुकलं की लोंबी पोचट निघणार, हे तिला कुण्या साहेबानं येऊन सांगायची गरज नव्हती.

बापूजींची खालची बांधी मात्र पाण्यानं काठोकाठ भरलेली. बगळे खुशाल फिरत होते.

त्यांची सून मीनल आईच्या आजारपणासाठी माहेरी, इचोड्याला गेली होती. बसमधून उतरली ती घरी न जाता थेट वावरात आली. विहिरीत वाकून पाहिलं, मग बांधीकडे पाहिलं.

"मामाजी, पाइपात पाहून पाणी द्या म्हटलं होतं ना मी?"

भोकं पाडलेला एकेक पाइप तिनंच दोन्ही बांध्यांत उभा पुरला होता आणि दोघांना समजावलं होतं. वर जमीन कोरडी दिसू दे. पाइपात पाणी आहे तोवर मुळाशी ओल आहे, मोटर लावायची नाही. पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही, असंच केलं तर विहीर दोघांना पुरेल. बापूजींनी तेव्हा मान डोलावली होती.

"पायलं ना. रोज पायलं. पाणी दिसे पाइपात," बापूजी म्हणाले. "पण वावराले भेगा पडल्या, पोरी. माह्यानं पाहावलं नाही."

खोटं नव्हतं ते. धानाची बांधी कोरडी पडली की लोक विचारायचे, मालक आजारी आहे का? बापाच्या हाताखाली ते हेच शिकले होते. म्हणून आपल्या पाळीला करंट जाईस्तोवर त्यांनी मोटर चालवली. चोरी केली नाही, पाळी मोडली नाही. जीव लावला, एवढंच. आणि विहीर तळाला गेली.

"मंग आता?" मीनलचा आवाज रडवेला झाला.

बापूजींनी बांध फोडायला फावडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. रुक्माबाईची बांधी वरच्या अंगाला, कंबरभर उंच. बांध फोडून काय उपयोग? डिझेलचं इंजिन लावावं, तर वीतभर पाण्यात त्याच्या पाइपाचं तोंड बुडणार कसं? मग ते घमेलं घेऊन पाण्यात उतरले आणि भरभरून वर फेकू लागले. अर्धं पाणी त्यांच्याच अंगावर येई. उरलेलं पलीकडच्या भेगेत जाई आणि दिसेनासं होई.

"भाऊ, राहू द्या," रुक्माबाई धुऱ्यावर येऊन बसली. "कंबर धरन तुमची."

"शिव्या दे ना बाई! मीच आटवली विहीर. काऊन गप बसली?"

"काय शिव्या देऊ?" ती आपल्या धानाकडे न पाहता त्यांच्या भरल्या बांधीकडेच पाहत राहिली. "मीनलले शब्द देल्ला होता, म्हणून मी मन मारून कोरडी ठेवली. पण रोज इथं उभी राहून म्हणत होती, धान करावं तर बापूजीभाऊनं करावं."